पहिली दुर्बीण



काही वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेनं मला आकाशदर्शनासाठी बोलावलं होतं. गावानं वर्गणी काढून दुर्बीण आणली होती. मी पोचलो तेव्हा अंगणात मुलांची रांग लागली होती. एकेक मूल डोळा लावी, गुरुजी विचारीत, "दिसला गुरू?" आणि "दिसला, गुरुजी," असं म्हणून ते पुढं सरके. शेवटी चौथीतली एक मुलगी म्हणाली, "मला माझ्या पापण्याच दिसतात." सगळी हसली. मी डोळा लावून पाहिलं. पोरीचं खरं होतं. नळीचं तोंड गुरूकडं नव्हतंच! तिच्याआधीची सगळी मुलं भीतीपोटी खोटं बोलली होती.

गुरुजींना तरी दोष कसा द्यावा? दुर्बीण कशी लावायची हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ती दुर्बीण पुढं कपाटात गेली. तुमची तशी जाऊ नये, म्हणून आजचं हे बोलणं.

पहिली गोष्ट, दुर्बीण घेण्याची घाई करू नका. महिना-दोन महिने नुसत्या डोळ्यांनी आकाश ओळखा. पौष-माघात संध्याकाळी मृग आणि कृत्तिका, चैत्र-वैशाखात उत्तरेला सप्तर्षी. ध्रुव आपल्याकडं क्षितिजापासून सुमारे १७ अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरली, तर ती साधारण १० अंशांची. म्हणजे दोन मुठींच्या आतच ध्रुव सापडायला हवा. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांना आपण दुष्काळी म्हणतो. पण जिथं ढग कमी आणि दिवे कमी, तिथं आकाशाचं पीक चांगलं येतं. शहरातल्या माणसाला हेवा वाटावा असं हे धन तुमच्या अंगणावर आहे.

दुसरी पायरी द्विनेत्रीची, म्हणजे बायनॉक्युलरची. डोळ्यांना कृत्तिकांचे सहा-सात तारे दिसतात. द्विनेत्रीतून त्यांचे डझनांनी होतात. एवढं पाहून हौस टिकली, तरच दुर्बिणीकडं वळा. जमलं तर विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहा. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळींच्या संस्था याच कामासाठी असतात.

घेताना खोक्यावरच्या "पाचशे पट मोठं" अशा शब्दांना भुलू नका. पुढच्या भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त पट वाढवण्यात अर्थ नाही. चित्र मोठं होतं, पण पुसट होतं. ७० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण सुरुवातीला पुष्कळ झाली. तिचं नाभीय अंतर ७०० मिलिमीटर असेल आणि डोळ्याकडचं भिंग २५ मिलिमीटरचं लावलं, तर ७०० भागिले २५, म्हणजे २८ पट मोठं दिसेल. नेहमी या कमी शक्तीनंच सुरुवात करा. आणि नळीपेक्षा तिवई आधी तपासा. तिवई हलली की तारा नाचलाच!

आता सराव. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गाकडून सातारा जिल्ह्यावरून सोलापूरकडच्या जेऊरला गेली. जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेतले कॅम्पबेल आपापली उपकरणं मांडून बसले होते. विजयदुर्गावर लॉकियरसाहेबांनी युद्धनौकेवरच्या खलाशांकडून आधी रीतसर कवायत करून घेतली होती. सगळा खेळ सुमारे दोन मिनिटांचा. त्यात चाचपडायला वेळ कुठला? आपणही तेच करावं. दिवसाउजेडी सूर्याकडं पाठ करून दुर्बीण एखाद्या लांबच्या खुणेवर रोखा. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरचा मनोरा, सांगलीकडं एखादं धुराडं. मनोरा मोठ्या नळीच्या मधोमध आला, की वरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचे स्क्रू फिरवून तोच तिच्याही मधोमध आणा. हे केलं नाही, म्हणूनच त्या रात्री पापण्या दिसल्या. मनोरा उलटा दिसला तर घाबरू नका.

मात्र सूर्याकडं दुर्बीण कधीही, क्षणभरही रोखू नका. डोळा कायमचा जाईल. शोधक दुर्बिणीलाही हाच नियम.

पहिल्या रात्री चंद्र पाहा, पण पौर्णिमेचा नव्हे. शुद्ध पंचमी ते नवमी हे दिवस चांगले. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. मग सप्तर्षींतला वसिष्ठ. लग्नात नवरानवरीला त्याच्याजवळची अरुंधती दाखवायची आपली रीत आहे. दुर्बिणीतून मात्र खुद्द वसिष्ठाचेच दोन तारे होतात. गुरूचे चार चंद्र रोज जागा बदलतात. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओनं रात्रीमागून रात्री तेच वहीत मांडलं. तुमच्या मुलांनाही एक वही द्या, आणि जे दिसलं तेवढंच काढायला सांगा.

एखादं मूल "काही दिसत नाही" म्हणालं, तर हसू नका, रागावू नका. उठा, आणि नळीचं तोंड कुठं आहे ते पाहा. त्या रात्री अंगणात एकच शास्त्रज्ञ होती, आणि ती चौथीत होती.