निघायचं की थांबायचं?

वादळ येणार हे कळणं आणि घराला कुलूप लावून निघणं, या दोन गोष्टींमध्ये किती अंतर असतं? हवामान खात्याच्या नकाशावर ते काही तासांचं दिसतं. माणसाच्या मनात मात्र ते कधी कधी आयुष्यभराचं असतं. आज या अंतराविषयी मला तुमच्याशी बोलायचं आहे.

अटलांटिक महासागरात, कॅरिबियन समुद्रात किंवा मेक्सिकोच्या आखातात उठणाऱ्या चक्रीवादळाला 'हरिकेन' म्हणतात. आपल्याकडच्या चक्रीवादळाचं ते सख्खं भावंड. वाऱ्याच्या वेगावरून त्याच्या पाच श्रेणी केल्या आहेत. वारा ताशी १७८ किलोमीटर झाला, की ते तिसऱ्या श्रेणीत जातं आणि तिथून पुढं त्याला 'मोठं हरिकेन' म्हणतात. पण वाऱ्याचा आकडा फसवा असतो, कारण अशा वादळात जास्त जीव घेतं ते पाणी. वादळ समुद्राला पुढं रेटत आणतं आणि नेहमीच्या भरतीच्या वर आणखी काही मीटर पाणी किनाऱ्यावर चढतं. म्हणून अमेरिकेत घरं सोडण्याचे आदेश मुख्यतः सखल भागांसाठी निघतात. तिथं लोकांना एक साधा नियम सांगितला जातो : पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा.

नियम इतका सोपा आहे. मग माणसं थांबतात का?

२००५ सालच्या ऑगस्टमधलं न्यू ऑर्लिन्स आठवा. साडेचार लाखांच्या आसपास वस्तीचं शहर. त्याचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली, बांधांच्या भरवशावर वसलेला. 'कतरिना' सोमवारी, २९ ऑगस्टला किनाऱ्याला लागलं. शहर सक्तीनं रिकामं करण्याचा महापौरांचा आदेश निघाला आदल्या दिवशी, रविवारी सकाळी. बहुतेक लोक निघून गेले, पण हजारो मागं राहिले. बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. या वादळातल्या मृतांचा आकडा पुढं बरीच वर्षं अठराशेच्या वर सांगितला जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्रानं २०२३मध्ये तो १,३९२ असा सुधारला.

छपरांवर बसून हात हलवणारी माणसं आपण दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिली. तेव्हा जगभर एकच प्रश्न विचारला गेला, 'सांगितलं होतं ना, मग गेले का नाहीत?'

उत्तरं फार साधी होती. शहरातल्या अनेक गरीब घरांकडं गाडीच नव्हती. त्यात महिनाअखेर. पगार किंवा मदतीचा धनादेश एक तारखेला येणार, आणि वादळ आलं एकोणतीसला. पेट्रोलला, हॉटेलच्या खोलीला पैसे आणायचे कुठून? कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. लुइझियाना राज्यातल्या मृतांपैकी जवळपास निम्मे लोक पंचाहत्तरी गाठलेले किंवा ओलांडलेले होते. कुणाचं कुत्रं होतं, आणि निवाऱ्यात कुत्र्याला प्रवेश नव्हता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला 'कुत्रं सोडून ये' म्हणणं म्हणजे काय, ते सरकारलाही उशिरा कळलं. घर सोडताना पाळीव जनावरांचाही विचार आराखड्यात झाला पाहिजे, असा कायदा तिथं २००६मध्ये झाला.

आणखी एक कारण आहे, ते म्हणजे अनुभव. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर १९६९मध्ये 'कमील' नावाचं भयंकर वादळ आलं होतं. त्यात जी घरं टिकली, त्या घरांतली माणसं २००५मध्ये म्हणाली, 'तेव्हा इथवर पाणी आलं नव्हतं, आता कशाला येईल?' कतरिनाचा वारा कमीलपेक्षा कमी होता, पण पाणी जास्त चढलं. उलट न्यू ऑर्लिन्समध्ये १९६५च्या 'बेट्सी' वादळानंतर जुनी माणसं सांगत, की माळ्यावर कुऱ्हाड ठेवावी. पाणी वाढलं आणि माळ्यावर चढावं लागलं, तर निदान छप्पर फोडून बाहेर पडता येईल. अनुभव कुणाला कुऱ्हाड देतो, तर कुणाला खोटा धीर.

लहानपणी आमच्या घरात नूह पैगंबरांची गोष्ट सांगितली जाई. तुफान येतं, बाप मुलाला नावेत बोलावतो. मुलगा म्हणतो, मी डोंगरावर चढेन, तो मला पाण्यापासून वाचवील. तो मुलगा हट्टी होता हे तर खरंच. पण आता वाटतं, डोंगर त्याच्या ओळखीचा होता. नाव नवी होती. माणूस ओळखीच्या जागेवर नेहमीच जास्त विश्वास टाकतो.

मग निघणं हेच नेहमी शहाणपणाचं, असं म्हणावं का? तेही इतकं सरळ नाही. कतरिनानंतर महिन्याच्या आतच 'रीटा' टेक्सासकडं निघालं. न्यू ऑर्लिन्सची चित्रं डोळ्यांपुढं ताजी होती. ह्यूस्टन आणि परिसरातून पंचवीस लाखांच्या आसपास माणसं एकदम रस्त्यावर आली. शंभरेक मैल गाड्यांची रांग, रणरणतं ऊन, संपलेलं पेट्रोल. वृद्धाश्रमातल्या रहिवाशांना नेणारी एक बस डॅलसजवळ पेटली आणि त्यात तेवीस वृद्ध गेले. वादळ मात्र पूर्वेकडं वळलं आणि ह्यूस्टन बचावलं. वादळानं थेट घेतलेल्या बळींपेक्षा वाटेवर गेलेली माणसंच किती तरी जास्त होती. पुढं २०१७मध्ये 'हार्वी' आलं, तेव्हा ह्यूस्टनच्या महापौरांनी शहर रिकामं करायला सांगितलं नाही. रीटाची आठवण हे त्यामागचं एक कारण होतं. नंतर शहर पावसानं बुडालं आणि निर्णय बरोबर की चूक, यावर वाद झाला. घरातल्या माणसाला पडतो तोच पेच राज्यकर्त्यांनाही पडतो.

आपल्या शेजारी बांगलादेशात १९९१च्या एप्रिलमध्ये चक्रीवादळानं एक लाख अडतीस हजारांच्या आसपास माणसं नेली. त्यांत बायकांचं प्रमाण फार मोठं होतं. नवरा घरी नाही, विचारायचं कुणाला? निवाऱ्यात परक्या पुरुषांची गर्दी, पदराशी मुलं, गोठ्यात गाय. पुढं तिथं निवारे वाढले, त्यांत स्त्रियांसाठी वेगळी जागा आली, गुरांसाठी मातीचे उंच टेकाड बांधले गेले. गावात भोंगा घेऊन फिरणाऱ्या स्वयंसेवकांत बायकाही मोठ्या संख्येनं आल्या. समुद्र बदलला नाही, पण निघणं सोपं झालं. २००७च्या 'सिद्र' वादळातही हजारो माणसं गेली, पण लाखाचा आकडा पुन्हा आला नाही.

हे सगळं मला जवळचं वाटतं, कारण ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आमच्या रायगड किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन तालुक्यातल्या गावी माझी फुफी एकटी राहते. कौलारू घर, मागं सुपारीची वाडी. मी फोनवर म्हटलं, ''फुफी, शाळेची इमारत पक्की आहे, तिथं जा.'' ती म्हणाली, ''शाळेत गर्दी. तिथं कोरोना झाला तर? आणि बकऱ्या कुणाच्या भरवशावर सोडू?'' मी मुंबईत, टाळेबंदीत. माझ्या शब्दांचा काही उपयोग नव्हता. तिला हलवलं ते शेजारच्या कोळीवाड्यातल्या एका पोरानं. त्यानं वाद घातला नाही. बकऱ्या सोडल्या, शाळेच्या मागच्या पडवीत नेऊन बांधल्या आणि परत येऊन म्हणाला, ''चाची, बकऱ्या गेल्या. आता तुम्ही चला.'' फुफी तोंडावर पदर बांधून त्याच्यामागं गेली. संध्याकाळी घराची अर्धी कौलं अंगणात होती आणि वाडीतली बहुतेक झाडं आडवी.

त्या पोरानं जे ओळखलं, ते मोठमोठ्या शहरांच्या आराखड्यांना सुचलं नव्हतं. थांबलेल्या माणसाला भित्रा किंवा हट्टी म्हणण्याआधी त्याला कशानं बांधून ठेवलंय, ते पाहावं लागतं. कुणाला बकरी, कुणाला आजारी आई, कुणाला रिकामा खिसा, कुणाला परक्या दारात उभं राहण्याची लाज. ती गाठ वादळाच्या रात्री सुटत नाही. ती आधीच, आभाळ निरभ्र असताना सोडवून ठेवावी लागते.

म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्या माझ्या भावाबहिणींना एवढंच सांगेन. पावसाळ्याआधी कौलं शाकारतो, लाकूडफाटा आत घेतो, तसंच एका संध्याकाळी घरात बसून ठरवावं : पाणी आपल्या दारापर्यंत येऊ शकतं का? आलं तर जायचं कुणाकडं? कागदपत्रं आणि औषधं कुठल्या पिशवीत? म्हाताऱ्या माणसाला उचलणार कोण? आणि मग शेजारच्या, एकट्या राहणाऱ्या घराचं दार वाजवून हेच प्रश्न तिथंही विचारावेत. त्या घरी एखादी बकरी असेल, तर तिच्यासाठीही जागा बघून ठेवावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)