‘तुम्ही या जाऊन, मी बसते इथे’

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील अनुभवकथनाच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. आम्ही क्रोएशियात गाडीने फिरून आलो, तेव्हापासून आपल्या ग्रुपवर ‘प्लॅन पाठव’ असे निरोप येत आहेत. पाठवणं सोपं आहे, एक्सेलचं एक पान आहे ते. पण तो प्लॅन आमच्या गाडीतल्या चार माणसांच्या मापाने बेतलेला आहे, दुसऱ्याला तो तसाच बसेल असं नाही. म्हणून पानावर काय लिहिलंय त्यापेक्षा ते तसं का लिहिलंय, ते सांगते.

गाडीत मी, नवरा, माझी आई आणि सासूबाई. आई ७३ वर्षांची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सासूबाई ७६ वर्षांच्या, पाय ठणठणीत, पण पक्क्या शाकाहारी, आणि वळणाच्या रस्त्यावर त्यांना गाडी लागते.

आपल्या घरातल्या मोठ्या माणसांचं एक वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. देवळाच्या पायऱ्यांशी, गडाच्या पायथ्याशी, अजिंठ्याला पार्किंगमध्येसुद्धा. ‘तुम्ही या जाऊन, मी बसते इथे.’ त्यात तक्रार नसते. उलट आपला खोळंबा होऊ नये ही काळजी असते. पण दिवसातून चार वेळा हे वाक्य म्हणावं लागलं, तर ते माणूस सहलीला आलेलं नसतं, पिशव्यांची राखण करायला आलेलं असतं. म्हणून आखणी करताना मी एकच अट ठेवली. हे वाक्य दिवसात फार तर एकदा यावं, आणि आलं तरी जिथे बसायचं ती जागाच बघण्यासारखी असावी.

त्यासाठी आधी दोघींना विचारलं, ‘न थांबता किती चालवतं? कठडा धरून किती पायऱ्या चढवतात?’ ‘कुठे जायचं’ हा प्रश्न त्यानंतर. आईने महिनाभर सोसायटीच्या आवारात आणि जिन्यात मोजून उत्तर दिलं: वीस मिनिटं, तीस पायऱ्या. पुढचा सगळा प्लॅन या दोन आकड्यांवर उभा आहे.

क्रोएशिया का? कारण तिथल्या दाल्मेशिया भागात समुद्राच्या काठाने जुनी तटबंदीची गावं एका ओळीत आहेत आणि त्यांतली अंतरं लहान आहेत. उत्तरेकडून खाली येताना झादर, शिबेनिक, त्रोगिर, स्प्लिट, स्टोन आणि शेवटी डुब्रोव्हनिक. १ जानेवारी २०२३ पासून तिथे युरो चालतो आणि देश शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे व्हिसाही तोच.

आता दिशा. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे आलात, तर समुद्र उजवीकडे, म्हणजे तुमच्याच लेनच्या कडेला राहतो. फोटोसाठी थांबायला समोरची वाहनं ओलांडावी लागत नाहीत. उलटे गेलात तर मधे पूर्ण रस्ता येतो. म्हणून झाग्रेबला उतरायचं आणि डुब्रोव्हनिकहून परतायचं. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायचे जास्त पैसे पडतात, ते आम्ही मोजले.

विमानातून उतरल्या उतरल्या गाडी चालवायची नाही, हा दुसरा नियम. स्टिअरिंग डावीकडे, गोल चौकात उलट्या दिशेने फिरायचं, आणि अंगात विमानाची झोप. पहिली रात्र झाग्रेबला काढून सकाळी गाडी घेतली. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच मागा, नाही तर बहुतेक वेळा गिअरची मिळते. आपलं लायसन्स, आरटीओकडून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणि चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड, हे तिन्ही जवळ हवं.

रात्री एकूण दहा. झाग्रेबला एक, झादरला तीन, स्प्लिटला तीन, डुब्रोव्हनिकला तीन. दहा दिवसांत फक्त चार बिछाने. बॅगा भरणं आणि उघडणं याचाच म्हाताऱ्या माणसांना चालण्यापेक्षा जास्त शीण होतो. मधली गावं जाता जाता पाहिली, पण प्रवासाच्या दिवशी वाटेत एकच गाव, आणि त्या संध्याकाळचं कसलंही तिकीट काढायचं नाही. वेलेबित डोंगरावरून ‘बुरा’ नावाचा वारा समुद्राकडे सुटतो. तो जोरात असला की महामार्गाचा काही भाग वाहनांना बंद करतात. अशा वेळी हातात मोकळी संध्याकाळ असली की कोणाची चिडचिड होत नाही.

झाग्रेब ते झादर सुमारे २८५ किलोमीटर, सगळा महामार्ग, तीन तास. वाटेत त्याच वेलेबितमधून साडेपाच किलोमीटरहून लांब स्वेती रोक बोगदा आहे. आम्ही त्यात शिरलो तेव्हा ढग होते, बाहेर पडलो तर लख्ख ऊन आणि खाली समुद्र. सासूबाई म्हणाल्या, ‘खंडाळ्याचा घाट उलटा झालाय.’ लांब पल्ला महामार्गाने आणि किनाऱ्याचा वळणांचा जुना रस्ता फक्त छोट्या तुकड्यात, ही वाटणी त्यांच्यासाठीच केली होती. शिबेनिक ते त्रोगिर हा साठेक किलोमीटरचा तुकडा त्यांनी पुढच्या सीटवर बसून, आवळासुपारी चघळत पार केला.

झादरचं जुनं गाव सपाट आहे. रोमन काळच्या चौकात नवव्या शतकातलं सेंट डोनाटचं गोल चर्च आहे. त्याच्या पायात रोमन खांबांचे तुकडे तसेच घातलेले दिसतात. जुन्याचे दगड काढून नवीन बांधायची पद्धत सगळीकडे सारखीच. आणि धक्क्यावर ‘समुद्राचा ऑर्गन’ आहे. निकोला बाशिच या वास्तुरचनाकाराने २००५ मध्ये धक्क्याला पाण्यात उतरणाऱ्या रुंद पायऱ्या केल्या आणि त्यांच्याखाली ३५ नळ्या बसवल्या. लाट आत शिरली की हवा दाबली जाते आणि सूर निघतात. हे बघायचं कसं, तर पायरीवर बसून. आईला बसायचं होतं आणि बसणं हेच तिथे बघणं होतं. तिन्ही संध्याकाळी आम्ही तिथेच गेलो.

झादरहून स्प्लिटला जाताना वाटेतलं एक गाव म्हणजे शिबेनिक. तिथलं कॅथेड्रल १४३१ ते १५३५ असं शंभरहून जास्त वर्षं बांधत होते, आणि छतासकट सगळं दगडाचं आहे. बाहेरच्या भिंतीला वळसा घालून सत्तरहून अधिक माणसांचे चेहरे कोरले आहेत. ते बघायला आत जायला नको, चढायला नको. डोंगरावरचा किल्ला आम्ही सोडला.

स्प्लिटमध्ये दरवाजा महत्त्वाचा. रोमन सम्राट डायोक्लेशियन याने ३०५ साली स्वतःहून गादी सोडली आणि आपल्या मुलुखात येऊन या राजवाड्यात राहिला. आज त्या भिंतींच्या आत घरं, दुकानं, वाळत घातलेले कपडे, सगळं आहे. त्याने ख्रिश्चनांचा छळ केला, आणि पुढे त्याच्याच समाधीच्या इमारतीचं कॅथेड्रल झालं. समुद्राच्या बाजूने आत शिरलात तर आधी तळघर लागतं आणि मग जिना चढून मधल्या चौकात यावं लागतं. पूर्वेच्या रुपेरी दरवाजाने आलात तर थेट चौकात. आणि त्या दाराबाहेरच भाजीबाजार. आम्ही रोज त्या दाराने जात होतो. तळघर वेगळ्या दिवशी, समुद्राच्या बाजूने पाहिलं. घंटाघराच्या पायऱ्यांशी मात्र आईने ते वाक्य म्हटलं. आम्ही वर जाऊन आलो, तोवर ती चौकातल्या पायरीवर, इजिप्तहून आणलेल्या काळ्या स्फिंक्ससमोर बसली होती. त्याचं नाक, तोंड, पंजे तिने आमच्यापेक्षा नीट बघितले होते.

जेवणाचं सांगते, कारण हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला गेला. हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेली घरं घेतली. तांदूळ आणि मूगडाळ इथून नेली, बाकी बाजारातून. सप्टेंबरअखेरीला ताजी अंजिरं होती. ‘ब्लित्वा’ ही पालकाच्या जातीची भाजी बटाट्याबरोबर करतात, ती सासूबाईंना इतकी आवडली की बाजारातल्या आजीबाईंकडून त्यांनी खुणांनी कृती घेतली. एकीला इंग्रजी येत नव्हतं, दुसरीलाही नाही, त्यामुळे अडचण आली नाही.

घर ठरवताना फोटो बघू नका, मालकाला तीन प्रश्न विचारा. गाडी दारापासून किती लांब थांबते? दारापर्यंत पायऱ्या किती? लिफ्ट आहे का? जुन्या गावांत आत गाडी जात नाही आणि जुन्या इमारतींना लिफ्ट नसते. एका मालकिणीने मोजून ‘बावीस, कठडा आहे’ असं कळवलं. तिचं घर घेतलं.

स्प्लिटहून डुब्रोव्हनिकच्या वाटेवर एक गंमत आहे. १६९९ साली डुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाने व्हेनिसची हद्द आपल्याला येऊन भिडू नये म्हणून मधली किनारपट्टी तुर्कांना देऊन टाकली. तीच नेउमची पट्टी आज बॉस्नियाकडे आहे, त्या देशाचा समुद्राला लागलेला तेवढाच भाग. त्यामुळे क्रोएशियातून क्रोएशियात जायला परदेश ओलांडावा लागे. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर बॉस्नियात गेलात की परतीचं दार बंद. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा २,४०४ मीटरचा पूल सुरू झाला आणि ही अडचण संपली. नकाशावर रस्ता ठरवताना तो पुलावरूनच जातोय ना, हे बघा. पूल ओलांडला की स्टोन. तिथली जुनी मिठागरं आणि डोंगरावर चढत गेलेली तटबंदी खालूनच छान दिसते.

डुब्रोव्हनिकला पोचलो त्याच संध्याकाळी गाडी परत केली. तिथे पार्किंग महाग आणि गाडीचा उपयोग शून्य. लापाद भागात बसच्या मार्गावर घर घेतलं. बस पिले दरवाजापाशी सोडते. आतला स्ट्राडून हा मुख्य रस्ता सपाट आहे, पण दगड पायांनी घासून गुळगुळीत झालाय, रबरी तळाचे बूट हवेत. तटावरची फेरी १,९४० मीटरची आणि भरपूर पायऱ्यांची. ती मी आणि नवऱ्याने सकाळी आठला, दोघींचा चहा चालू असताना केली. मग चौघं रोपवेने स्र्‌ज डोंगरावर गेलो आणि जे आम्ही चालून बघितलं, तेच गाव त्यांनी वरून, बसून बघितलं. १९९१-९२ च्या वेढ्यात तोफगोळ्यांनी छपरं फुटली. नंतर घातलेली कौलं रंगावरून ओळखू येतात. आईने ती एकेक दाखवली.

याच शहराने १३७७ मध्ये साथीच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा कायदा केला. क्वारंटाइनची सुरुवात इथली. आणि गोव्यातल्या गवंडाळी गावी सेंट ब्लेझचं जुनं चर्च आहे. हा संत डुब्रोव्हनिकचा रक्षणकर्ता, आणि तिथल्या व्यापाऱ्यांशी त्या चर्चचा संबंध जोडला जातो.

आता जे सोडलं त्याची यादी. प्लिटविसेचे सोळा तलाव, ह्वार बेट, संपूर्ण इस्त्रिया. ‘प्लिटविसे न बघता आलात?’ असं मला पुष्कळांनी विचारलं. हो, न बघता आलो. ते धरले असते तर झादरची एक संध्याकाळ गेली असती आणि आईचे दोन दिवस पाय सुजले असते. प्लॅनमध्ये नावं वाढवणं सोपं असतं. कुठलं नाव काढायचं ते आपल्या माणसाकडे बघून ठरवावं लागतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर आणू नका. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आईवडिलांसाठी घेताना जुन्या आजारांना तो लागू आहे का, ते ओळ न् ओळ वाचा. औषधांची चिठ्ठी मूळ घटकांच्या नावांसकट डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण आपल्या गोळीचं नाव तिथल्या दुकानात कोणाला कळत नाही.

आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. मुलं थोडी मोठी झाली आहेत, हातात थोडे पैसे आहेत, आणि ज्यांचे आईवडील आहेत त्यांचे पाय अजून थोडे चालतात. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी फार वर्षं राहत नाहीत. क्रोएशियाच हवं असं काही नाही, हंपी घ्या, कोकण घ्या.

पान आज रात्री ग्रुपवर टाकते. गावं, अंतरं, घरांना विचारायचे प्रश्न, सगळं त्यात आहे. फक्त पहिल्या ओळीत आमचं ‘वीस मिनिटं, तीस पायऱ्या’ आहे, ते पुसा आणि घरी विचारून तुमचा आकडा भरा. जरा लवकर विचारा. तो दर वर्षी कमी होतो.