उसवणे हाही कशिद्याचाच भाग



वर्गात मला नेहमी विचारतात, “बाई, एकच धागा चुकला, तर उसवायलाच हवे का?”

धारवाडकडच्या कसुतीचे उदाहरण घ्या. इरकली लुगड्यावर ती काढताना आधी नक्षी रेखाटत नाहीत. कापडाचे धागे मोजून टाके घालतात. गवंती टाक्यात जाताना एक घर सोडून टाका घालायचा आणि परतताना रिकामी घरे भरायची. गाठ मारायची नाही. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मोजणी चुकली की गोपुराची दोन अंगे जुळत नाहीत आणि चूक लपवायला उलटी बाजूही नसते!

तेव्हा उसवा, पण दोरा ओढू नका, कापडाची वीण सरकते. सुईच्या नेढ्याकडच्या टोकाने एकेक टाका सैल करीत चुकल्या जागेपर्यंतच मागे जा. उसवलेला दोरा पिंजतो, नवा ओवा.

आमच्या वर्गातल्या एका आजींनी नातीच्या लग्नाच्या लुगड्यावरची अर्धी अंबारी उसवली. डोळ्यांत मोतीबिंदू, लग्नाला दोन महिने. “कोण बघणार आहे?” असे घरचे म्हणाले. आजी म्हणाल्या, “नात बघेल की, माझ्यामागे.”

लग्नाच्या आदल्या आठवड्यात पदर पुरा झाला.