अंगठा श्रमिकाचा, जबाबदारी कोणाची?

(खानदेशातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



खाजगीपणाचा प्रश्न हा पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांचा प्रश्न आहे. ज्याच्या झोपडीला धड दार नाही त्याला कसला आला खाजगीपणा, असा एक समज चळवळीतही आढळतो. हा समज किती चुकीचा आहे हे खानदेशच दाखवून देतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले ते नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या समारंभास उपस्थित होते. १९९८ साली नंदुरबार वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यातच मोडत असे. ज्या यंत्रणेने पुढे शंभर कोटींहून अधिक माणसांच्या बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा गोळा केल्या, तिचा आरंभ खानदेशातील आदिवासींच्या बोटांपासून झाला. तेव्हा या यंत्रणेत चूक झाली किंवा लबाडी झाली तर तिचा भुर्दंड कोणी सोसावा, हा प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकारही त्यांचाच आहे.

खानदेशातील श्रमिकाला अंगठा देणे नवीन नाही. कोऱ्या कागदावर अंगठा घ्यावा, पन्नासाचे पाचशे लिहावेत, गहाणाच्या नावाखाली खरेदीखत करून घ्यावे, ही सावकारीची जुनी रीत होय. शहाद्याच्या परिसरात आदिवासींच्या जमिनी याच वाटेने गेल्या आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली ती या अन्यायातूनच. या लढ्यांच्या काळातच, १९७४ साली, अनुसूचित जमातींच्या जमिनी त्यांना परत करण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला.

याच्याही मागे जाऊन पाहावे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये परकी सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. त्या कायद्याने शेतकऱ्याला ‘अंगठा देताना सावध राहा’ असा उपदेश केला नाही. कर्जदाराला पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब मिळाला पाहिजे, खातेपुस्तक मिळाले पाहिजे, आणि रोख्यावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता न्यायालयाने मूळ व्यवहार तपासला पाहिजे, असे त्याने ठरविले. निरक्षर माणूस आणि वही बाळगणारा माणूस हे समबल नाहीत, म्हणून कायद्याने दुबळ्याच्या बाजूचे पारडे थोडे जड केले. कायदा अपुरा ठरला, पळवाटा निघाल्या, हे खरे. पण त्यामागील तत्त्व आजही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता आजचा अंगठा पाहू. गावात बँकेची शाखा नसते. बँकेचा प्रतिनिधी एका दुकानात लहानसे यंत्र घेऊन बसतो. धडगावची मजूर बाई असो वा यावलच्या केळीबागेतील रोजंदारीवाला, आधार क्रमांक व बँकेचे नाव सांगून त्याने यंत्रावर बोट टेकविले की खात्यातून पैसे निघतात. कार्ड नको, गुप्त क्रमांक नको, मोबाईलवर ओटीपीही येत नाही. सोय मोठी आहे, आणि धोकाही तिथेच आहे. ऊसतोडीने वा कापूस वेचून बोटे झिजलेली असतात. ‘ठसा उमटला नाही, पुन्हा ठेवा’ असे सांगितले जाते. एका ठशाला पैसे हातात पडतात आणि दुसऱ्या ठशाचे पैसे भलतीकडे जातात. पावती मागण्याचे धैर्य नसते, दिली तर वाचता येत नाही. नोंदणीकृत खरेदीखतांवरील ठसे उतरवून घेऊन त्यांच्या रबरी प्रतिकृती केल्या गेल्या आणि खाती रिकामी झाली, असे गुन्हेही देशात निरनिराळ्या राज्यांत उघडकीस आले आहेत. गुप्त क्रमांक चोरीला गेला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही. इतका मौल्यवान ऐवज ज्याच्याकडून घेतला, त्याला त्याच्या रक्षणाची हमी कोणी दिली?

दुसरे उदाहरण मोबाईलवरून कर्ज देणाऱ्या ॲपचे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराला किंवा धुळ्याच्या यंत्रमागावरील तरुणाला महिनाअखेर चार-पाच हजारांची नड असते. ॲप पाच मिनिटांत कर्ज देते आणि त्याच पाच मिनिटांत त्याच्या मोबाईलमधील सगळे नातेवाईक, मित्र आणि छायाचित्रे ताब्यात घेते. हप्ता चुकला की बहिणीच्या सासरी फोन जातो. जुना सावकार घरातील भांडी उचलून नेत असे. हा घराची अब्रू तारण ठेवून घेतो. २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि अशा ॲपना कर्जदाराच्या मोबाईलमधील संपर्कयादी, संभाषणांची नोंद व छायाचित्रे पाहण्यास मनाई केली. पण विनापरवाना धंदा करणाऱ्यांपर्यंत तो हात पोहोचत नाही, आणि सापडतो तो कर्जदारच.

या साऱ्यावर शासन आणि बँका यांचे उत्तर एकच असते : नागरिकांनी सावध राहावे. सावधगिरीला कोणाचा विरोध नाही. परंतु अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हा खर्चाच्या वाटणीचा प्रश्न आहे. यंत्रे आल्याने बँकेच्या शाखांचा आणि नोकरवर्गाचा खर्च वाचला. शासनाला वाटपाची सोय झाली. कंपन्यांना माणसांची माहिती हा नवा कच्चा माल मिळाला. लाभ यांच्याकडे आणि जोखीम मात्र ज्याच्या खात्यात जेमतेम दोन हजार आहेत त्याच्याकडे, ही वाटणी कोणत्या न्यायाची? शिवाय ज्याला जोखीम सोसावी लागत नाही, तो ती कमी करण्यासाठी खर्च तरी का करील? जबाबदारी बँकेवर पडली तरच यंत्रे सुरक्षित होतील.

शासनाचा गोंधळ तर एका प्रसंगातून स्पष्ट झाला. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारच्या छायाप्रती कोणालाही देऊ नका, असे पत्रक काढले. दोनच दिवसांनी केंद्र सरकारने ते मागे घेतले. इकडे लॉजपासून मोबाईलच्या दुकानापर्यंत प्रत्येक जण तीच छायाप्रत मागत असतो.

आणि ‘संमती’ म्हणजे तरी काय? एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक करण्यात आला. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेच्या महिलांना दरमहा १५०० रुपयांसाठी ई-केवायसी करणे भाग पडले. नकार दिल्यास अनुदान बंद होते, तिथे होकाराला संमती म्हणणे ही भाषेची थट्टा आहे. सावकाराच्या ओसरीवरील अंगठाही असाच स्वखुशीचा असे.

कायद्याची स्थिती काय आहे? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०१८ च्या निकालाने बँक खाते व मोबाईल यांना आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली, पण सरकारी लाभांसाठीची अट कायम राहिली. पुढे २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात कंपन्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु तो दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याची माहिती तंत्रज्ञान कायद्यातील तरतूद वगळण्याचेच या कायद्याने ठरविले. केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देता येते. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधील व्यक्तिगत माहितीविषयीची तरतूद बदलून अधिक बंदिस्त केली. श्रमिकाचे बोट उघडे आणि कारभाऱ्यांचे कागद झाकलेले, अशी ही उलटी रचना आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. थेट खात्यात पैसे आल्याने मधला दलाल गेला, हे समाजवाद्यांना नको आहे काय? दलाल जावा ही तर समाजवाद्यांचीच मागणी होती, आणि यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. पण शेवटच्या पायरीवर यंत्र घेऊन बसलेला माणूस बिनजबाबदार राहिला तर दलाल गेला नाही, त्याने केवळ जागा बदलली. यंत्र हवे, पावतीसह हवे; ओळख हवी, पर्यायासह हवी.

दिशा दाखविणारा एक नियम आधीच झालेला आहे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ठरविले की अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात दोष बँकेचा असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. दोष दोघांचाही नसून तिऱ्हाइताचा असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तरीही शून्य. आणि ग्राहक दोषी असल्याचे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. १८७९ च्या कायद्यातील तत्त्वच येथे नव्या रूपात आले आहे. परंतु अक्कलकुव्याच्या किंवा साक्रीच्या बाजारात बसलेल्या बाईला हे तीन दिवस कोणी सांगितले आहेत?

कार्यकर्त्यांचे काम येथून सुरू होते. आठवडे बाजाराच्या दिवशी बँकेच्या प्रतिनिधीजवळ थांबून प्रत्येक ठशामागे पावती मिळते की नाही ते पाहावे. महिन्यातून एकदा खातेपुस्तकात नोंदी करून घेण्याची सवय वस्तीला लावावी. ज्यांना ठशाने पैसे काढण्याची गरज नाही त्यांचे ठसे बंद करून ठेवण्याची सोय आधार प्राधिकरणाने दिली आहे. ती करून द्यावी. पैसे गेल्यास त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर कळवावे, बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. आणि मागणी ठामपणे मांडावी : ठशाच्या व्यवहाराची छापील मराठी पावती सक्तीची करा; ठसा न उमटल्यास रेशन वा पेन्शन अडवू नका; नुकसानभरपाईचा हक्क कायद्यात परत आणा.

शहाद्याच्या आदिवासीने कागदावरच्या अंगठ्याविरुद्ध लढून जमिनीचा प्रश्न कायद्यापर्यंत नेला. यंत्रावरच्या अंगठ्याचा प्रश्नही तसाच, गावागावातून तक्रारी गोळा करून आणि त्यांची दाद लावून घेऊनच, पुढे न्यावा लागेल. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हे काम याच वर्षी सुरू व्हावे.