सही करण्याआधी
(दहिसर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



दीडशे वर्षांपूर्वी याच मुंबईत राहणाऱ्या एका वारसदार मुलीपासून सुरुवात करते. रखमाबाईचे वडील जनार्दन पांडुरंग ती लहान असतानाच वारले. आई जयंतीबाईने पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. पण १८५६ च्या कायद्यानं विधवेला पुनर्विवाहाची मुभा देताना पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क काढून घेतला होता. म्हणून लग्नाआधीच तिने ती मालमत्ता रखमाबाईच्या नावे केली. अकराव्या वर्षी रखमाबाईचं लग्न दादाजी भिकाजीशी लागलं. ती नांदायला गेली नाही. १८८४ मध्ये दादाजीनं कोर्टात दावा लावला : बायको माझ्या ताब्यात द्या. त्याचा डोळा मालमत्तेवर आहे, असं रखमाबाईच्या बाजूचं म्हणणं होतं.

गंमत बघा. नांदायला लावण्याचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हे, इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टातून आलेला. त्याच इंग्लंडात लग्न झालं की बायकोची रोकड, दागिने नवऱ्याचे होत, जमिनीचा कारभारही त्याच्याच हाती जाई. श्रीमंत बाप विश्वस्त नेमून लेकीचा पैसा वेगळा राखत. गरिबाच्या लेकीला ती सोय कुठली? १८८२ च्या कायद्यानं तिथल्या विवाहितेला स्वतःची मालमत्ता मिळाली. १८८४ मध्ये न नांदणाऱ्या बाईची तुरुंगवासाची शिक्षाही तिथे रद्द झाली. इथे मात्र मार्च १८८७ मध्ये रखमाबाईला सांगितलं गेलं : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. १८८८ मध्ये दादाजीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला गेली, १८९४ मध्ये डॉक्टर झाली आणि पुढे सुरत, राजकोटला तिने बायकांचे दवाखाने सांभाळले.

तिच्यापाशी धैर्य होतं, पण पायाखाली जमीनही होती, हे विसरू नका.

आता माझं सांगते. वडिलांनी गिरणीच्या पगारातून इथे दहिसरला घर घेतलं. १९९७ मध्ये ते गेले. मृत्युपत्र नव्हतं. महिन्याभरात भावानं कागद पुढे केला : हक्कसोड पत्र. भाऊ वाईट नव्हता. 'माहेर तुटेल' ही भीती माझ्याच पोटात होती. मी न वाचता सही केली. त्या दिवशी वहिनीनं पुरणपोळी केली, मला साडी नेसवली. सहा वर्षांनी नवऱ्यानं घराबाहेर काढलं, तेव्हा मी तीच साडी पिशवीत घालून त्याच दारात उभी राहिले. चार दिवस पाहुणी होते. पाचव्या दिवशी वहिनीनं विचारलं, "आता पुढे काय?" ते घर माझंही होतं, हे मला तेव्हाही कुणी सांगितलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. हिंदू वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत लेकीचा मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळलं. २००५ मध्ये ती अट गेली. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जन्मानंच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. लग्नात हुंडा दिला म्हणून हा वाटा संपत नाही.

आज आपल्या भागात चाळी पाडून इमारती उभ्या राहताहेत. घराघरांत कागद फिरताहेत. कुणी म्हणेल, वाटा मागणारी बहीण लोभी. मग सगळं ठेवून घेणारा भाऊ कोण?

वाटा सोडायचा तर सोडा, तो तुमचा निर्णय. पण कागद घरी आणा, वाचा, कुणा जाणत्याला दाखवा, आठ दिवस उशाशी ठेवा. भाऊबीजेला ओवाळायला जरूर जा. पण तबकात निरांजन ठेवा, सही ठेवू नका.