वाचलेले ध्यानात कसे राहील?

(कळवण येथे प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



परवा वर्गात एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, रात्री अक्षर येतं, सकाळी जातं. आता वय झालं. राहू द्या आमची शाळा." त्यांच्या पिशवीत कांद्याची हिशोबपट्टी होती. ती वाचता यावी, म्हणून तर त्या वर्गाला आल्या होत्या.

आजी, असे हिरमुसू नका. विसरायला म्हातारपणच लागते असे नाही. सगळेच विसरतात. जर्मनीत एबिंगहाउस नावाचे विद्वान होते. त्यांनी अर्थ नसलेले शब्द पाठ केले. किती राहतात, ते स्वतःवरच तपासले. एका तासात निम्म्याहून जास्त गेले! १८८५ साली त्यांनी हे पुस्तकात लिहिले. मग तुम्ही आम्ही का लाजावे?

आणि तुमची आठवण कमी का आहे? जात्यावरच्या ओव्या तुम्हांला तोंडपाठ. शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण केवढी गाणी त्यांनी रचली! घरच्यांनी ती लिहून घेतली. १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले.

मग अक्षर का जाते? पाण्याची पाळी चुकते म्हणून! कांद्याला आपण सगळे पाणी एकाच दिवशी देतो का? नाही. पाळीपाळीने देतो. अक्षराचेही तसेच. एका रात्री दोन तास बसू नका. रोज थोडे बसा. आज शिकलेले उद्या पाहा. मग तीन दिवसांनी पाहा. मग आठ दिवसांनी पाहा.

दुसरी गोष्ट. पुस्तक मिटा. नुसते पुन्हा पुन्हा वाचले, की वाटते, "आलं की!" पण ते पक्के नसते. न बघता आठवा. मातीत बोटाने अक्षर काढा. मग पुस्तक उघडून ताडून पाहा. चुकले तर चुकू द्या. २००६ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांवर हे तपासले. काहींनी धडा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी न बघता आठवून लिहिला. आठवड्याने कुणाला जास्त आठवले? आठवून लिहिणाऱ्यांना.

तिसरी गोष्ट. नवे अक्षर ओळखीच्या नावाला बांधा. 'क' कळवणचा. 'ग' गिरणेचा. 'स' सप्तशृंगीचा.

चौथी गोष्ट. पुरेशी झोप घ्या. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते. जागरण करून घोकू नका.

आज घरी एकच शब्द न्या. 'वजन'. वाटेने तो मनात लिहा. उद्या चुलीपुढे राखेत काढा. पुढल्या खेपेला हिशोबपट्टी हाती आली, की आधी हा शब्द शोधा. त्याच्या पुढचा आकडा वाचा. मग 'भाव' शोधा. मग किती पैसे कापले ते पाहा. न कळले तर तिथेच विचारा. पट्टीची घडी मगच करा.

आजी, उद्या नक्की या. अक्षर गेले असेल, तर पुन्हा बोलावू. दोनदा जाईल, तिनदा जाईल. मग तुमच्याच घरी राहील.