एकाने बोला!
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आकाशातले अनुभव’ सांगायला बोलावले आहे. पण माझी झोप उडवणारा अनुभव मला जमिनीवर आला. तेव्हा मी आमच्या कंपनीतल्या वैमानिक संघटनेचा चिटणीस होतो.

संघटना दोन होत्या. व्यवस्थापन सकाळी एकीला भेटे, संध्याकाळी दुसरीला, आणि दोघींनाही सांगे, “त्यांना मान्य आहे, तुम्हीच अडून बसलात.” तीन महिने पगार नव्हता. शेवटी एका शुक्रवारी आम्ही ठरवून आजारपणाची रजा टाकली. मीही टाकली, मला काहीही झाले नव्हते. त्या रात्री आपल्याच वर्गातला एक मित्र नागपूरला निघाला होता. तो मुंबई विमानतळावर अडकला आणि वडिलांचे अंत्यदर्शन त्याला मिळाले नाही. आज तो दुसऱ्या रांगेत बसला आहे. त्याने मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच हे सांगायला मला इतकी वर्षे लागली.

माझी चूक मी कायद्यावर ढकलत नाही. पण त्यानंतर मी कायदा वाचायला घेतला.

लोक विचारतात, एवढा पगार घेणारा वैमानिक कामगार कसला? १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा पगाराआधी काम पाहत असे. तांत्रिक, कुशल काम करणारा तो कामगार; पगाराची मर्यादा फक्त देखरेख करणाऱ्यांना. ‘कॅप्टन हा देखरेख करणारा’ असा युक्तिवाद कंपन्यांनी कोर्टात केला, पण त्याचे मुख्य काम विमान चालवणे हेच, असे निकाल आहेत. विमानसेवा सार्वजनिक उपयुक्ततेची, म्हणून संपाआधी नोटीस हवी, हेही त्या कायद्यात होते. नव्हते ते एवढेच, की अनेक संघटनांपैकी मालकाने बोलायचे कोणाशी. महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्याने संघटनांना मान्यता देण्याची पद्धत घातली. पण विमानसेवा केंद्राच्या अखत्यारीत, त्यामुळे मुंबईच्या वैमानिकाला त्याचा उपयोग नव्हता.

वर्गात आपण सगळे एकदम ओरडायचो तेव्हा सर म्हणायचे, “एकाने बोला!” २०२० ची औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिने हेच केले. अनेक संघटना असतील तर ५१ टक्के कामगार जिच्या मागे, ती वाटाघाटी करणार. तशी कोणतीच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्यांची परिषद. संपाला १४ दिवसांची नोटीस हवी, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा हाही संपच. आमच्या त्या शुक्रवारसारख्या पळवाटा बुजवण्याकडेच हा रोख आहे.

पण सर एकाला उभे करून वर्गाबाहेर निघून जात नसत. त्याचे ऐकून घेत. संहितेत बोलणी किती दिवसांत सुरू करायची याची मुदत नाही. अमेरिकेत १९२६ चा रेल्वे कामगार कायदा १९३६ पासून विमानसेवेलाही लागू आहे. तिथे बदलाची नोटीस मिळाल्यावर १० दिवसांत बैठकीची वेळ ठरवावी लागते आणि ३० दिवसांत बोलणी सुरू करावी लागतात. मात्र पुढे सरकारी मध्यस्थी किती चालावी याला मर्यादा नाही. ती वर्षानुवर्षे रेंगाळू शकते. तेव्हा त्यांची सुरुवात घ्यावी, शेवट घेऊ नये. बोलणी सुरू करायला मुदत हवी, आणि संपवायलाही.

नाहीतर काय होते, हे आपण पाहिले. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणारे नियम जानेवारी २०२४ मध्ये आले. ते लागू व्हावेत म्हणून वैमानिक संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयात लढावे लागले आणि २०२५ मध्ये ते दोन टप्प्यांत आले. वैमानिकाच्या झोपेचा प्रश्न कोर्टात जावा लागतो, तेव्हा वाटाघाटीचे टेबल मोडलेले आहे असे समजावे.

इथे वकील आहेत, कंपन्यांचे अधिकारी आहेत, युनियनवाले आहेत. आपापल्या जागी एवढे कराच: समोरचा बोलायला आला, तर तारीख द्या.

आणि दुसऱ्या रांगेतल्या मित्रा, उशीर झाला, पण माफ कर.